मारिव्होचं नाटक वाचायला घेताना आधी 'तू' आणि 'तुम्ही' ठरवा

पुण्यात आमच्या घरी महिन्यातून एकदा सहा-सात जण जमतो आणि एक नाटक मोठ्याने वाचतो. मी आयुष्यभर फ्रेंच शिकवलं, त्यामुळे फ्रेंच नाटक असलं की मराठी भाषांतराचा खर्डा माझ्याकडे. सगळ्यांत जास्त वेळा वाचलं ते मारिव्हो या फ्रेंच नाटककाराचं 'ल झ्यो द लामूर ए द्यु आझार', म्हणजे प्रेमाचा आणि योगायोगाचा खेळ. २३ जानेवारी १७३० रोजी पॅरिसमधल्या इटालियन नटमंडळींनी ते पहिल्यांदा रंगभूमीवर आणलं. तीन अंक, सगळं गद्य, घर एकच, मुख्य पात्रं सहा. हौशी वाचकांना याहून सोयीचं नाटक मिळणं कठीण.

गोष्ट अशी. सिल्व्हियाचं लग्न वडिलांनी, ऑर्गों यांनी, मित्राच्या मुलाशी, दोरांतशी ठरवलंय. मुलगा कसा आहे हे पारखायला ती आपल्या दासीचे, लिझेतचे कपडे घालते आणि लिझेतला मालकीण करते. तिकडे दोरांतनेही नेमकं हेच केलंय. तो बुर्गिन्यों नावाचा नोकर बनून येतो आणि त्याचा नोकर आर्लकँ नवरदेव बनून. ही गोष्ट मुलाच्या वडिलांच्या पत्रातून ऑर्गोंना आधीच कळलेली असते. ते आणि सिल्व्हियाचा भाऊ मारियो दोघंही गप्प बसतात.

वाचनाआधी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा: कोणाला काय, केव्हा कळतं. ऑर्गों आणि मारियोला पहिल्या अंकातच सगळं ठाऊक. सिल्व्हियाला दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे कळतं. लिझेत आणि आर्लकँला तिसऱ्या अंकात एकमेकांचं खरं कळतं आणि दोरांतला सगळ्यांत शेवटी. कागद डोळ्यांसमोर नसला की वाचणारा नकळत सर्वज्ञ होतो आणि सिल्व्हियाच्या आवाजातला गोंधळच नाहीसा होतो. ऑर्गों-मारियोला मी बाकीच्यांपासून जरा लांब, खिडकीशी बसवते. ते दोघं म्हणजे आपले प्रेक्षकच.

आता मुख्य मुद्दा. फ्रेंचमध्ये आपल्यासारखंच 'तू' आणि 'तुम्ही' आहे, आणि या नाटकाचा सगळा जीव त्यात आहे. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी सभ्य वाटावं म्हणून सगळ्यांना अहो-जाहो करायला लावलं होतं. दुसरा अंक अगदी सपाट गेला, ऐकणारे चहाची वाट बघू लागले. घरी शांतपणे मूळ पुन्हा वाचलं तेव्हा चूक लक्षात आली. पहिल्या अंकात ही दोन खोटी नोकर माणसं भेटतात तेव्हा आदराने बोलायला लागतात. लगेच घरचे लोक त्यांना हटकतात: तुमच्यासारख्यांत हे मानपान कसले, सरळ अरे-तुरे करा. खानदानी मुलगी आणि खानदानी मुलगा, दोघंही अनोळखी माणसाला 'तू' म्हणायला लागतात. एरवी महिनोन्महिने न येणारी जवळीक एका सर्वनामाने पाच मिनिटांत येते. दोरांत तिला विचारतो, "राजकन्येसारखा तुझा हा थाट, तू दासी आहेस तरी कसली?" यातला 'तू' जरा अडखळतच आला पाहिजे. वाचणाऱ्याला सांगा, शब्दाआधी अर्धा श्वास थांब.

दुसऱ्या अंकात दोरांत कबूल करतो की दोरांत तोच. सिल्व्हिया स्वतःशी म्हणते, "आत्ता मला माझं मन स्वच्छ दिसतंय." हे वाक्य हळू, आनंद न लपवता वाचा. आणि पुढच्याच वाक्यापासून ती त्याला 'तुम्ही' म्हणते, कारण तो आता मालक आणि ती अजून दासीच. हा बदल ऐकू आलाच पाहिजे.

पहिला प्रवेशही घाईत उरकू नका. सिल्व्हिया तिथे तेर्सांद्र नावाच्या गृहस्थाबद्दल सांगते. बायकोवर नुकताच चिडलेला हा माणूस पाहुणी आल्याचं कळताच हसतमुखाने, हात पसरून समोर येतो, आणि आत बायको रडून रडून निस्तेज झालेली. "उद्या मीही कदाचित अशीच असेन," असं सिल्व्हिया म्हणते. हे गंभीरपणे वाचलं तर वेषांतर ही थट्टा उरत नाही, ते एका मुलीने जीव वाचवायला केलेलं काम होतं.

आर्लकँला गावरान बोली देण्याचा मोह आपल्याकडे फार होतो. देऊ नका. तो मोठ्या माणसांची भाषा चुकीच्या जागी वापरतो, गंमत त्यात आहे. आल्या आल्या तो "माझे सासरे", "माझी बायको" असं बोलू लागतो. लग्न ठरलेलंच आहे, राहिला फक्त विधी, ती काय किरकोळ गोष्ट. सिल्व्हिया म्हणते, या किरकोळ गोष्टीचा विचार मात्र करायला हवा. तो म्हणतो, "हो, पण एकदा केला की मग कोणी करत नाही." शुद्ध, ऐटदार मराठीत हे वाचून बघा. मात्र तिसऱ्या अंकात तो आणि लिझेत एकमेकांना खरं सांगतात, ते नुसतं हसण्यावारी नेऊ नका. दोघांच्याही हातातून श्रीमंती निसटते, तरीही दोघं एकमेकांना पत्करतात.

वेळ कमी म्हणून तिसरा अंक छाटणारे मी पाहिलेत. तसं करू नका. दासी म्हणूनच मला मागणी घाल, एवढ्यासाठी सिल्व्हिया खेळ लांबवते आणि त्यात दोरांतचे हाल होतात, हे खरं. पण शेवटून दुसऱ्या प्रवेशात तिच्या बोलण्याने तो विरघळतो आणि म्हणतो की माझं मन आणि माझा हात तुझाच. तिथे 'तुझा' आहे. जरा पुढे तो विचारतो, "म्हणजे तुमचं माझ्यावर प्रेम आहे?" तिथे 'तुमचं'. आणि मग, "तुम्हाला पाहिलं की वडील मला माफ करतील." ती कोण आहे हे त्याला अजून माहीतच नाही. त्याच्या मते ती केस विंचरून देणारी दासी, आणि तो तिला 'तुम्ही' म्हणतोय. खर्ड्यात ही दोन्ही 'तुम्ही' मी लाल पेनने गोल करून देते, आणि दोरांत वाचणाऱ्याला त्या वेळी कागदावरून नजर उचलून सिल्व्हियाकडे बघायला सांगते.