डबा नवा, औषध तेच: बटाट्याच्या करप्यावर बुरशीनाशकं बोथट का होतात आणि काय करावं

इंदूरजवळच्या सांवेर, देपालपूर, महूच्या पट्ट्यात मावठा (हिवाळ्यातला पाऊस) झाला की तक्रार ठरलेली: दोनदा औषध मारलं, करपा थांबत नाही. मग दुकानातून नवा डबा येतो, आणि बरेचदा त्यात जुन्याच गटाचं रसायन असतं.

पण सगळं खापर जंतूच्या प्रतिकारक्षमतेवर, म्हणजे त्यानं औषधाला दाद न देण्यावर, फोडण्याआधी रोग ओळखा. लवकर येणाऱ्या करप्यात खालच्या जुन्या पानांवर तपकिरी डाग पडतात, डागात एकात एक वलयं दिसतात. उशिरा येणाऱ्या करप्यात डाग पाणी शोषल्यासारखे, काळपट. सकाळी पान उलटलं की कडेला पांढरी लव दिसते. हा दुसरा जंतू खरी बुरशी नाहीच, त्यामुळे टेब्युकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल त्याच्यावर चालत नाहीत. मेटॅलॅक्सिलचं उलटं: ते पहिल्या करप्यावर निरुपयोगी. कार्बेन्डाझिम तर दोन्हींवर चालत नाही. कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबच्या मिश्रणात इथे काम करतं ते मॅन्कोझेबच.

दुसरी तपासणी पाण्याची. झाडोरा दाटल्यावर एकरी 200 लिटरमध्ये खालची पानं कोरडीच राहतात. 300 ते 400 लिटर लागतं. नोझल हॉलो कोनचं (पोकळ शंकूसारखा फवारा देणारं) हवं, आणि छिद्र झिजलं असेल तर बदलायला हवं. हे सगळं ठीक असूनही करपा पसरत असेल, तर मात्र प्रतिकाराची शंका रास्त आहे.

आता डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. ब्रँड सोडा, रासायनिक नाव वहीत लिहा आणि शेजारी फ्रॅकचा गट क्रमांक टाका. फ्रॅक ही बुरशीनाशकांचे गट ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती; जंतूवर एकाच पद्धतीनं घाव घालणारी औषधं एका गटात येतात. अझॉक्सीस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन: 11. टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल: 3. मेटॅलॅक्सिल: 4. सायमोक्सॅनिल: 27. डायमेथोमॉर्फ: 40. फसगत होते ती फॅमोक्सॅडोन आणि फेनामिडोनमध्ये. नावात 'स्ट्रोबिन' नाही, पण दोन्ही 11 मध्येच. अझॉक्सीस्ट्रोबिननंतर यातलं काही मारलं, तर औषध बदललंच नाही.

मॅन्कोझेब आणि क्लोरोथॅलोनिल जंतूच्या शरीरात अनेक ठिकाणी घाव घालतात, म्हणून त्यांना प्रतिकार सहज तयार होत नाही. बाकीची एकाच ठिकाणी घाव घालतात. जंतूत तेवढी एकच जागा बदलली की औषध फुकट. मेटॅलॅक्सिलचं आयर्लंडमध्ये 1980 साली हेच झालं. ते एकटंच वापरलं जात होतं; त्यानंतर ते मॅन्कोझेबबरोबर मिसळून विकायची पद्धत रूढ झाली. गट 3 मध्ये प्रतिकार पायरीपायरीनं वाढतो, म्हणून तिथे अर्धी मात्रा मारून पैसे वाचवणं फार महागात पडतं.

फवारणीचा क्रम असा ठेवा. लागवडीनंतर 40-45 दिवसांनी, झाडं एकमेकांना भिडायला लागली की, डाग दिसण्याआधी मॅन्कोझेब 75 टक्के, एकरी 600 ते 800 ग्रॅम. 7 ते 10 दिवसांनी पुन्हा तेच. आभाळ भरून राहिलं, दव सुटेना, तर सायमोक्सॅनिल 8 अधिक मॅन्कोझेब 64 टक्के, एकरी 600 ग्रॅम, एकदाच. पुढच्या वेळी गट बदला: डायमेथोमॉर्फ, सोबत मॅन्कोझेब पूर्ण मात्रेत. फक्त वलयांचाच करपा असेल तर या जागी गट 3 किंवा 11, तेही मॅन्कोझेबच्या जोडीनं. गट 11 हंगामात दोनदाच, लागोपाठ कधीच नको. मेटॅलॅक्सिल मारायचंच तर एकदा आणि रोग येण्याआधी. शेत करपल्यावर मारलं तर लाखो बीजाणूंतून प्रतिकारक तेवढेच निवडून मागे राहतात. आमच्या मते यात मावठ्याआधीची मॅन्कोझेबची फवारणी सर्वांत मोलाची, आणि टाळली जाते तीच.

मेटॅलॅक्सिल अजून चालतं का, हे शेतातच कळतं. कडेला चार-चार सऱ्यांचे, 10 मीटर लांबीचे तीन पट्टे आखा. पहिला बिनफवारणीचा. दुसऱ्यावर मेटॅलॅक्सिल 8 अधिक मॅन्कोझेब 64 टक्के, 15 लिटरच्या पंपाला 37.5 ग्रॅम. तिसऱ्यावर नुसतं मॅन्कोझेब 75 टक्के, पंपाला 32 ग्रॅम. दोन्ही पंपांत मॅन्कोझेब सारखंच, 24 ग्रॅम, पडतं; फरक फक्त मेटॅलॅक्सिलचा. फवारणी एकाच दिवशी, एकाच माणसानं, एकाच चालीनं करावी. पहिल्या पट्ट्यात उशिराचा करपा उठला की दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यांत मधल्या दोन सऱ्यांतली 50-50 पानं मोजा. दोन्हीकडे सारखीच डागाळलेली असतील तर त्या डब्यातला महागडा भाग काही करत नाहीये. पहिला पट्टा निरोगीच राहिला तर मात्र निष्कर्ष काढू नका. मोजणी संपली की पहिल्या पट्ट्याचा पाला कापून खोल पुरा.

औषधाला दाद न देणारा जंतू बियाण्यातूनही येतो. जालंधरकडचं असो वा घरचं, कापताना तांबूस-तपकिरी डाग दिसलेले बटाटे बाजूला काढा. कोल्ड स्टोरेजबाहेर सडका माल पडून असेल तर त्या ढिगावर उगवलेली झाडं लागवडीआधी उपटून टाका.