ग्योंगजूची राजथडगी: दुपारी सुरू करून रात्रीपर्यंत कशी पाहावीत

दक्षिण कोरियातलं ग्योंगजू ही शिल्ला राज्याची जवळपास हजार वर्षांची राजधानी. इ. स. ९३५ मध्ये राज्य संपलं, पण राजघराण्याची थडगी भर शहरात हिरव्या टेकड्यांसारखी उभी आहेत. त्यांतली २३ देरुंगवोन या उद्यानात आहेत. तिथून राजवाड्याच्या तळ्यापर्यंतची सगळी ठिकाणं पायी होतात, म्हणून दुपारी सुरुवात करून रात्री तळ्यावर संपवावं.

सोलहून केटीएक्स या वेगवान रेल्वेने साधारण दोन तास लागतात. ग्योंगजू स्टेशन मात्र शहराबाहेर आहे, पुढे सिटी बस किंवा टॅक्सी घ्यावी लागते. जुन्या प्रवासपुस्तकांत याच स्टेशनचं नाव शिनग्योंगजू असं सापडेल. ते २०२३ च्या शेवटी बदललं. लांब पल्ल्याच्या बसने वेळ जास्त जातो, पण स्टँडवरून देरुंगवोनला चालत जाता येतं. निघण्यापूर्वी फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घेऊन ठेवा. पायी रस्ता दाखवण्यात गुगलचा नकाशा कोरियात फारसा कामाचा नाही.

देरुंगवोनमध्ये फिरायला पैसे पडत नाहीत. फक्त छॉन्माछोंग या थडग्याच्या आत जायला ३,००० वॉनचं तिकीट आहे, आणि ते आधी काढा. आतून एक थडगं पाहिल्याशिवाय बाहेरच्या टेकड्या म्हणजे नुसतं गवतच. आत बांधणीचा छेद दाखवला आहे: मध्ये लाकडी खोली, तिच्यावर गोट्यांचा मोठा ढीग, त्यावर माती. आत शिरायला वाटच ठेवलेली नसे. लाकूड कुजलं की दगड खाली कोसळत आणि प्रेताबरोबर पुरलेलं सोनं त्यांच्याखाली गाडलं जाई. चोरांना ते उपसणं जड गेलं, म्हणून इतकं सोनं हाती लागलं.

१९७३ मध्ये पुरातत्त्व खात्याला खरं तर शेजारचं ह्वांगनामदेछोंग हे जोडथडगं उकरायचं होतं. ते सर्वांत मोठं, म्हणून आधी सराव हवा, या विचाराने हे लहान थडगं निवडलं. त्या सरावातच सोन्याचा मुकुट आणि भूर्जाच्या सालीवर रंगवलेला उडता घोडा सापडला. त्या घोड्यावरूनच थडग्याला नाव मिळालं. इथे मांडलेल्या बहुतेक वस्तू प्रतिकृती आहेत; मुकुट पुढे संग्रहालयात भेटेल.

दोन टेकड्यांच्या मधल्या एका झाडापाशी फोटोसाठी रांग दिसेल. वाट पाहण्याइतकं त्यात काही नाही. टेकड्यांवर चढायला मनाई आहे, मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा.

भूक लागली तर बाहेर ह्वांगनाम-पांग मिळतो. पुरणासारखं लाल घेवड्याचं गोड सारण भरलेला हा छोटा पाव, पण त्यात अंडं असतं. शाकाहाऱ्यांनी जेवणाची चौकशी आधीच करावी, कारण किमची या आंबवलेल्या कोबीतही बहुधा मासळीचा अर्क असतो.

पुढे वाटेत छॉमसॉंगदे लागेल. सातव्या शतकात, राणी सॉनदॉकच्या काळात बांधलेला हा सुमारे नऊ मीटर उंच दगडी मनोरा वेधशाळा मानला जातो. तो बाहेरूनच पाहायचा, दहा मिनिटं पुरतात.

वाचलेला वेळ राष्ट्रीय संग्रहालयाला द्या. ते संध्याकाळी बंद होतं, म्हणून चारच्या आत पोहोचलेलं बरं. अंगणात ७७१ मध्ये ओतलेली राजा सॉंगदॉकची घंटा आहे, वजन जवळजवळ १९ टन. आता ती वाजवत नाहीत, ठरावीक वेळाने तिच्या नादाचं ध्वनिमुद्रण ऐकवतात. तेवढं थांबाच.

अंधार पडला की जवळच्या वॉलजी या राजवाड्याच्या तळ्यावर जा. तिकीट वेगळं आहे. ६७४ मध्ये खोदलेलं हे तळं १९७५ मध्ये उपसलं, तेव्हा गाळातून हजारो वस्तू निघाल्या. त्यांत चौदा बाजूंचा एक लाकडी फासा होता, प्रत्येक बाजूवर मद्यपानाच्या खेळातली एकेक शिक्षा कोरलेली. मूळ फासा जतनासाठी वाळवताना जळून गेला, आता दिसतात त्या प्रतिकृती. दिवे लागल्यावर गर्दी उसळते, त्यामुळे शनिवार-रविवार टाळलेला बरा.

बुलगुक्सा मंदिर आणि सॉकगुराम लेणं याच दिवशी कोंबू नका. ती शहराबाहेर आहेत. मुक्काम करून दुसऱ्या सकाळी १० किंवा ११ क्रमांकाच्या बसने बुलगुक्सा गाठा.