कप्तानाची टोपी शेवटी काढा

मी काढलेला चाच्यांचा पहिला कप्तान टोपीपासून सुरू झाला होता. टोपीवर कवटी, एका डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट, सगळं जागच्या जागी. ४० सेकंदांची अ‍ॅनिमेशन चाचणी तयार केली आणि आवाज बंद करून पाहिली. पडद्यावर नुसता एक चिडलेला माणूस हातवारे करत होता. त्याची भीती वाटेना.

आता मी कागदावर आधी एवढंच लिहितो: हा कशाला घाबरतो? डिस्नेच्या १९५३च्या 'पीटर पॅन' या अ‍ॅनिमेशनपटातला चाच्यांचा कप्तान, कॅप्टन हुक आठवा. त्याचा हात गिळलेल्या मगरीच्या पोटात घड्याळ आहे. टिकटिक कानावर पडली की त्याचा सगळा रुबाब गळून पडतो. ही पडझड पाहिलेली असते, म्हणून एरवीचा रुबाबही डोळ्यांत भरतो. तुमच्या कप्तानाची भीती ठरली नसेल तर पेन्सिल उचलू नका.

मग त्याच्या अंगात दोन स्वभाव घाला. हुक साकारताना डिस्नेचे अ‍ॅनिमेटर फ्रँक थॉमस यांच्यापुढे हाच पेच होता. चमूतल्या एकाला तो छानछोकीचा, नटवा हवा होता, तर दुसऱ्याला दांडगा खलनायक. सुरुवातीच्या दृश्यांत थॉमस यांची ओढाताण झाली. अखेरीस दोन्ही रंग एकाच माणसात उतरले. मात्र दोन्ही एकाच पोझमध्ये कोंबू नका. बाहीची झालर नीट करता करता हात थांबतो आणि मान वळते, तिथे स्वभाव बदलू द्या.

तुटलेल्या हाताच्या जागी बसवलेला आकडा हा माझा सगळ्यात आवडता भाग. 'पीटर पॅन'चे लेखक जे. एम. बॅरी यांच्या मूळ कथेत हुकचा आकडा उजव्या हाताला आहे, चित्रपटात डाव्या. त्यामुळे तलवार आणि लेखणी धरायला उजवा हात मोकळा राहतो. तुमच्या कप्तानालाही आकड्यानं रोजची कामं करू द्या: नकाशाची गुंडाळी उलगडणं, कपाचा कान अडकवून तो उचलणं, विचारात असताना टेबलावर हळूच रेघ ओढणं. अशी दोन-तीन कामं दिसली की तोच आकडा कुणाच्या गळ्याजवळ येतो तेव्हा प्रेक्षक श्वास रोखतो. सतत उगारलेला आकडा बोथट वाटतो.

टायमिंगमध्ये घाई नको. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणारी स्थिर चित्रं, असतात. हल्ल्याआधी मी १६ ते २० फ्रेम्स त्याला जवळजवळ स्थिर ठेवतो आणि आकडा चार फ्रेम्समध्ये फिरवतो. पूर्ण गोठवलं तर चित्र मेल्यासारखं दिसतं, म्हणून कोटाची किनार किंचित हलती ठेवा. शरीर थांबल्यावर कोट मागून येऊन थांबला पाहिजे. कापडाला वजन नसलं तर कप्तानालाही वजन येत नाही.

आवाज आधी ध्वनिमुद्रित करा. हुकला आवाज देणाऱ्या हान्स कॉनरीड यांचा अभिनय चित्रित करून अ‍ॅनिमेटरांनी संदर्भ म्हणून वापरला होता. तुम्हीही तुमच्या कलाकाराला उभं राहून बोलायला सांगा आणि मोबाईलवर टिपा. ओरडण्यापेक्षा त्याआधी घेतलेला श्वास नीट पाहा.

खलाशांना विसरू नका. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या खऱ्याखुऱ्या चाच्याच्या जहाजावर लेखी नियम होते आणि प्रत्येक खलाशाला मत होतं. खलाशी नाराज झाले की कप्तानाचं आसन डळमळतं. म्हणून फजिती झाल्यावर तुमच्या कप्तानानं शत्रूकडे पाहण्याआधी चोरून आपल्या माणसांकडे पाहावं. सहा फ्रेम्सचा तो कटाक्ष मला लांबलचक संवादापेक्षा मोलाचा वाटतो.

आता टोपी. कड एवढी रुंद काढा की मान झुकली की डोळे सावलीत जातील. आणि भीतीच्या शॉटमध्ये ती डोक्यावरून पडू द्या. एरवी मी एक चित्र दोन फ्रेम्सना पुरवतो. हा शॉट मात्र प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढून करतो.