पीएचडीनंतर गावाकडच्या कॉलेजात पहिली नोकरी: आधी मान्यतेचं पत्र बघा

व्हायवा झाला, नोटिफिकेशन हातात आलं, नेट-सेट आधीच झालेलं, आणि आता जून-जुलैत यवतमाळ-वाशीम-बुलढाण्याकडं कुठंतरी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, लागायचं असं ज्यांचं चाललंय त्यांच्यासाठी लिहितेय. पात्रता काय लागते, 1 जुलै 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडी सक्तीची राहिली नाही, हे सगळं तुम्हाला पाठ असेल, त्यामुळं ते सोडते.

सरळ मुद्द्यावर येते. ज्या कॉलेजात मी पहिलं वर्ष शिकवलं तिथं प्राचार्यांच्या सहीचं नियुक्तीपत्र मिळालं होतं, टाइमटेबलात नाव होतं, मस्टरवर सही होती, प्रॅक्टिकल, सुपरव्हिजन, एनएसएसचं शिबिर सगळं केलं. पण कॉलेजनं माझ्या मान्यतेचा प्रस्ताव विद्यापीठात पाठवलाच नव्हता. विचारलं की "पाठवतो मॅडम, होऊन जाईल". पुढं अनुदानित पदाच्या जाहिरातीत फॉर्म भरला, छाननीत मान्यता मागितली, माझ्याकडं फक्त अनुभवाचं सर्टिफिकेट, आणि ते अख्खं वर्ष शून्य धरलं गेलं. अजूनही ते आठवलं की जीव जळतो.

म्हणून नीट समजून घ्या. नियुक्तीपत्र कॉलेज देतं, मान्यता विद्यापीठ देतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रीतसर पद्धत अशी की आधी जाहिरात, मग निवड समितीसमोर मुलाखत, मग तुमचा प्रस्ताव विद्यापीठात, तिथून तुमच्या नावाचं मान्यतेचं पत्र, आणि मानधनाचं बिल उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात. यातली एक कडी निसटली तर तुम्ही वर्गात रोज उभे असता पण कागदावर नसता. आणि मान्यता त्या-त्या सत्रापुरतीच असते, गेल्या वर्षीची या वर्षी चालत नाही, दरवर्षी नव्यानं सगळं. "मॅनेजमेंटकडून घेतो, पुढच्या वर्षी बघू" असं कोणी म्हणालं तर त्यात मान्यता नाही असंच समजा आणि मग ठरवा.

पत्र हातात आलं की तिथंच उभ्या-उभ्या वाचा. नाव डिग्रीवर आहे तसंच आहे का, विषय बरोबर आहे का, कधीपासून कधीपर्यंत ते लिहिलंय का, जावक क्रमांक आणि तारीख आहे का. लग्न झालेल्या मुलींनो, नेटचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाचं आणि आधार सासरच्या नावाचं असेल तर राजपत्रातली नाव बदलाची प्रत आधीच काढून ठेवा, मुलाखतीच्या आदल्या दिवशी धावपळ करून ते होत नाही.

हे सगळं विचारायला संकोच वाटतो, मला माहितेय. नवीन माणूस, त्यात बाई, प्राचार्यांना कसं विचारायचं. मग त्यांना विचारूच नका, ऑफिसात आस्थापनेचे, म्हणजे नेमणुकीचे कागद बघणारे, जे बाबू असतात त्यांच्याकडं जा. माझं तर स्पष्ट मत आहे की पहिल्या वर्षात तुमच्या गाईडपेक्षा हा माणूस जास्त कामाचा. गाईडनं संशोधन शिकवलं, त्यांचे उपकार आहेतच, पण "सर बघतील माझं" म्हणून वर्षानुवर्षं त्यांच्या मागं फिरणारे मी बघितलेत आणि मला त्यांचं फार वाईट वाटतं. बाबूंना भाऊ म्हणा, प्रस्तावाची तारीख विचारा, पोचपावतीची झेरॉक्स मागा. देतात.

पैसे देऊन पेपर छापू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमावलीत कॉलेजच्या शॉर्टलिस्टिंगला पेपरचे जास्तीत जास्त 6 मार्क आहेत आणि शिकवण्याच्या अनुभवाला वर्षाला 2 असे 10 पर्यंत. म्हणजे ज्या मान्यतेच्या पत्राकडं कोणी बघत नाही तेच पेपरपेक्षा भारी पडतं. आणि कायम नोकरीच्या डोनेशनसाठी वावर विकायचा विचार घरात चालला असेल तर कृपा करून थांबा, बापाचं वावर गेलं की परत येत नाही.

आता वर्गाचं. सुरुवातीला पोरं येतात, सोयाबीन सोंगायला आलं की निम्मा वर्ग रिकामा, आणि दिवाळीनंतर कापसाची वेचणी. "मॅडम, वेचाले जा लागते, पुढच्या हप्त्यात येतो", हे ऐकून सुरुवातीला वाटायचं की आपलं शिकवणंच चुकतंय. तसं नसतं, घाबरू नका. महत्त्वाचे टॉपिक जुलै-ऑगस्टात उरका आणि वेचणीच्या दिवसांत उजळणी ठेवा. मी बॉटनी शिकवते, माल्व्हेसी म्हणजे कपाशीचं कुळ आलं की पोरांनाच कपाशीचं फूल आणायला सांगते. आज उमललेलं पांढुरकं-पिवळसर आणि कालचं गुलाबी झालेलं, दोन्ही टेबलावर ठेवले की मागच्या बाकावरची एरवी गप्प बसणारी पोरगी सांगते की एका दिवसात रंग बदलते मॅडम, आमच्या वावरात रोज दिसते. मग तिथून अँथोसायनिनवर, म्हणजे फुलाला गुलाबी करणाऱ्या रंगद्रव्यावर, यायचं, केसरांची नळी उभी कापून दाखवायची. पीएचडीत शिकलेलं इथं लागतं, वाया जात नाही, हे मी मनापासून सांगतेय.

पैशाचं मात्र गोड बोलणार नाही. कायम असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 57,700 पासून सुरू होतं, पण सीएचबीत घेतल्या तासाचेच पैसे, उन्हाळ्यात काही नाही, आणि बिल निघायला महिनोन्महिने लागतात. घरभाडं, एसटीचा पास, किराणा याची सोय आधी लावून मगच या. घरच्यांना पण खरं सांगा, "डॉक्टरीण झाली तरी पगार नाही" हे नातेवाईक बोलतातच, तेव्हा घरचे पाठीशी असले की निभावतं.

आणि अनुभवाचं सर्टिफिकेट सत्र संपायच्या आत घ्या, मान्यतेच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख त्यात टाकून घ्या, शिक्का मारून. प्राचार्य रिटायर झाले किंवा बाबूंचं टेबल बदललं की दोन ओळींच्या कागदासाठी यवतमाळहून पुसदला चकरा होतात.