आवाहन की आव्हान? शब्दाचं मूळ असं शोधा

'नागरिकांना सहकार्याचे आव्हान करण्यात येत आहे.' असा फलक वाचला की मी अडखळतोच. चूक एका जोडाक्षराची दिसते, पण हे दोन शब्द एका कुळातलेही नाहीत. ते पारखायची रीत सोपी आहे.

आधी उपसर्ग सोडवून घ्या. दोन्हीकडे 'आ' आहे, म्हणजे 'जवळ, आपल्याकडे'. मागे उरतात 'वाहन' आणि 'व्हान'. हे 'व्हान' मुळात 'ह्वान'. जिह्वाची जिव्हा आणि विह्वलचं विव्हल झालं, तसंच आह्वानचं आव्हान झालं. त्यामुळे आव्हान हे रूप अशुद्ध म्हणून खोडू नका, ते मराठीच्या जिभेवर घडलेलं आहे.

मग उरलेल्या भागाची भावंडं आठवा. वाहन, वाहक, प्रवाह, विवाह. धातू 'वह्', म्हणजे वाहून नेणे. तेव्हा आवाहनात मुळात हाक नाहीच, जवळ घेऊन येणं आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नीविषयी 'स देवाँ एह वक्षति' असं म्हटलंय, तो देवांना इथे घेऊन येवो. 'एह' म्हणजे आ अधिक इह, आणि 'वक्षति' हे वह् धातूचं रूप. आपल्या शब्दाचे दोन्ही तुकडे तिथे सुटे सुटे दिसतात! षोडशोपचार पूजेत आवाहन पहिलं आणि आसन दुसरं का, हेही इथे उलगडतं. देवता आली, की मग तिला बसायला द्यायचं.

'ह्वान'चा धातू 'ह्वे', हाक मारणे. खरी हाक या शब्दात आहे. मग तिची ललकारी कशी झाली? इथे घाई करू नका, मला तर हीच जागा सगळ्यात आवडते. पाणिनीचं सूत्र आहे 'स्पर्धायामाङः'. 'आ' लागलेला ह्वे स्पर्धेच्या अर्थाने आला, तर तो आत्मनेपदात, म्हणजे '-ति'ऐवजी '-ते' अशा प्रत्ययांनी चालवायचा. टीकाकारांचं उदाहरण 'मल्लो मल्लमाह्वयते', एक मल्ल दुसऱ्याला ललकारतो. गुराखी गायीला हाक मारतो तेव्हा मात्र 'आह्वयति'. धातू तोच, प्रत्यय बदलला की साध्या हाकेचं आव्हान होतं.

मराठीने मल्लाचा अर्थ उचलला. हिंदीतल्या 'आह्वान'मध्ये गुराख्याची हाक टिकून आहे. म्हणून हिंदी मजकूर मराठीत आणताना आह्वानच्या जागी बहुतेक वेळा आवाहन लिहा. हिंदीतली 'चुनौती' हे आपलं आव्हान.

एवढं करूनही लिहिताना हात अडला, तर क्रियापद पाहा. आवाहन करतात. आव्हान देतात, स्वीकारतात, पेलतात. फलकावर 'करण्यात येत आहे' होतं, तेव्हा तिथे आवाहनच हवं होतं.