डिजिटल तासाची तयारी: आधी ओटीपी, मग बाकीचं

वर्गात संगणकावर तास घ्यायचा असेल तर लॉगिनचा ओटीपी कुणाच्या फोनवर येतो ते आधी बघा. अ‍ॅप कोणतं, प्रश्न किती, हे सगळं नंतर. बऱ्याच शाळांत एकच गूगल खातं असतं, ते कुणा बाईंनी किंवा सरांनी स्वतःचा नंबर घालून उघडलेलं असतं आणि पुढे त्यांची बदली झालेली असते. आपण वर्गातल्या संगणकावर लॉगिन करायला जातो तेव्हा कोड त्यांच्या फोनवर जातो. ते शिक्षक दुसऱ्या शाळेत तासावर, फोन तिथल्या स्टाफरूमच्या कपाटात. गेल्या वर्षी सातवीचा विजेवरचा माझा तास असाच वाया गेला, म्हणून हे लिहितेय.

उपाय सोपा आहे, फक्त आधी करायला हवा. गूगल खात्यात टू-स्टेप पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी) चालू असेल तर तिथेच बॅकअप कोड मिळतात: १० कोड, प्रत्येक ८ आकडी, एक कोड एकदाच चालतो. ते कागदावर छापा आणि पर्समध्ये ठेवा. फोनमध्ये फोटो काढून ठेवू नका, फोन हाताशी नसतानाच ते लागणार आहेत. शिवाय खात्यावरचा नंबर आज शाळेत असलेल्या माणसाचा करून घ्या. मुख्याध्यापकांना सांगून, आजच.

आता साधनं. विज्ञानासाठी फेट (PhET), म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचे प्रयोग, सिम्युलेशन. कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००२ मध्ये कोलोराडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत. फाइल उतरवून पेनड्राइव्हवर घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते, लॉगिन लागत नाही. परिपथात मुलं स्वतः तार जोडतात, बल्ब लागतो की नाही ते बघतात. ते पुस्तकातल्या आकृतीतून कधीच होत नाही. भूमितीला जिओजेब्रा, तिथेही आकृती काढायला लॉगिन नको. ‘दीक्षा’ हे सरकारी शिक्षण अ‍ॅप सगळ्यांना माहीत आहे. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड घरीच स्कॅन करून व्हिडिओ उतरवून ठेवा. पावसाळ्यात वर्गातल्या नेटच्या भरवशावर राहू नका.

चाचणीसाठी माझी पसंती प्लिकर्सला. नवी मुंबईत तुर्भे, दिघा, घणसोलीतल्या कितीतरी घरांत फोन एकच असतो, वडिलांचा, आणि तो सकाळी त्यांच्याबरोबर एमआयडीसीत जातो. मुलांच्या हातात फोन लागेल असा खेळ तिथे घेऊच नये, ज्याच्याकडे नाही ते मूल मागे सरकून बसतं. प्लिकर्समध्ये मुलांकडे फक्त छापलेलं कार्ड. उत्तराप्रमाणे ते ए, बी, सी, डी बाजूने धरायचं, बाईंनी आपल्या फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवून वाचायचं. नेहमीचा संच ४० कार्डांचा, मोठा ६३ चा. वर्ग मोठा असेल तर आधीच मोठा छापा. झेरॉक्सवाला चकचकीत लॅमिनेशन करून देईल, ते नको. ट्यूबलाइट चमकते आणि कॅमेरा कार्ड वाचत नाही. कार्डाचा नंबर म्हणजे हजेरी क्रमांक, एवढं ठरवलं की पुरे. पण लक्षात घ्या, फोनवर आणि संगणकावर एकच खातं उघडं लागतं. म्हणजे पुन्हा लॉगिन. पुन्हा ओटीपी.

गूगल फॉर्म देणार असाल तर ‘एका व्यक्तीला एकच प्रतिसाद’ ही खूण काढा. ती असली की फॉर्म साइन-इन मागतो, आणि १३ वर्षांखालच्या मुलाला स्वतःचं गूगल खातं उघडता येत नाही. मराठी प्रश्न युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर, संगणकावर दिसणाऱ्या मराठीत, टाइप करा. जुन्या फॉन्टमधली प्रश्नपत्रिका चिकटवली तर नुसती चिन्हं दिसतात. मुलांचे फोटो, पत्ते कुठल्याही अ‍ॅपवर चढवू नका. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

सोबत लागणारं सामान: एक्स्टेन्शन बोर्ड, स्पीकर, एचडीएमआयचा व्हीजीए कन्व्हर्टर (संगणक जुन्या प्रोजेक्टरला जोडायला). कन्व्हर्टर स्वतःचा घ्या, शाळेतला कधी सापडत नाही.

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर त्याच वर्गात, त्याच संगणकावर रंगीत तालीम. घरी केलेली तालीम धरू नका: घरच्या लॅपटॉपवर लॉगिन आधीच झालेलं असतं, कोड कुणी मागतच नाही, आणि तयारी झाली असं वाटतं. शाळेच्या संगणकावर पूर्ण लॉगआउट करा, पुन्हा आत शिरा, कोड कुठे येतो ते डोळ्यांनी बघा. मुख्याध्यापक जरी म्हणाले की आपलं खातं चालू आहे, तरी बघा.

तासाच्या दिवशी दहा मिनिटं आधी सगळं उघडून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप वेब बंद, फोन चार्ज, बॅकअप कोडचा कागद जवळ.

नंतर निकालाची शीट उतरवून घ्या, लॉगआउट करा, वापरलेला कोड कागदावर खोडा.