स्टीलचं कंड्युट वाकवायला शिकताना

कंड्युट म्हणजे ज्यातून वायर ओढतात तो पाईप. आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड करून आलेल्या पोरांचा हात बहुतेक वेळा पीव्हीसीच्या कंड्युटवर बसलेला असतो. पाईपात स्प्रिंग घालायची, गुडघ्यावर टेकवून वाकवायचा, झालं. पंपहाउस, बॉयलर रूम, मशीन शॉप अशा ठिकाणी मात्र स्टीलचा पाईप लागतो, आणि १.६ मिलिमीटर जाडीचा तो पाईप गुडघ्याला दाद देत नाही. चाकण भागातल्या कारखान्यांमध्ये मी हेच काम करतो. साइटवर नवीन आलेल्यांना सुरुवातीला जे सांगतो, ते इथे लिहितोय.

बेंडरच्या, म्हणजे पाईप वाकवायच्या औजाराच्या, आधी व्यास मोजायचा व्हर्नियर हातात घ्या. आपल्याकडे कंड्युटचं माप म्हणजे बाहेरचा व्यास. २०चा पाईप बाहेरून २० मिलिमीटर, २५चा २५. पाण्याच्या जीआय पाईपचं, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाईपचं, तसं नसतं. तो अर्धा इंची असला तर बाहेरून २१.३ भरतो, पाऊण इंची २६.९ आणि एक इंची तब्बल ३३.७. बाजारातली पाईप वाकवायची हायड्रॉलिक मशीन बरीचशी प्लंबरच्या हिशेबाने येतात, फॉर्मरवर (पाईप ज्या खोबणीच्या साच्यावर वाकतो त्यावर) आकडे इंचाचे. मग कुणीतरी ‘पंचवीस म्हणजे एक इंच’ असं धरून चालतो आणि २५चा पाईप एक इंची फॉर्मरवर चढवतो. खोबण मोठी असल्यामुळे पाईपच्या दोन्ही बाजूंना आधारच मिळत नाही आणि वाकता वाकता तो चपटा होतो. एकदा चपटा झालेला बेंड ठोकून गोल होत नाही. तुकडा भंगारात.

यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओंचंही तेच. ते लोक छान शिकवतात, जरूर बघा. पण त्यांचा पाईप म्हणजे ईएमटी, पातळ भिंतीचा. त्यातला अर्धा इंची बाहेरून १७.९ मिलिमीटर आणि पाऊण इंची २३.४. त्यांचा बेंडर ऑनलाइन मागवलात तर आपला २०चा पाईप अर्ध्या इंचीच्या खोबणीत बसणार नाही आणि पाऊण इंचीच्या खोबणीत खुळखुळेल. त्या बेंडरवर ओतीव अक्षरांत ५ इंच, ६ इंच असे आकडे असतात. नव्वद अंशांच्या बेंडला टोकापासून किती माप वजा करून खूण करायची, ते त्यात सांगितलेलं असतं. पण ते आकडे त्या बेंडरचे आणि त्या पाईपचे, आपल्या मशीनला ते लावायचे नाहीत.

मग आपलं माप कुठून आणायचं? स्वतः काढायचं. रद्दी पाईपचा ६०० मिलिमीटरचा सरळ तुकडा घ्या. टोकापासून ३०० वर खूण करा. ती खूण फॉर्मरच्या एका ठरलेल्या जागी लावा आणि नव्वद वाकवा. आता टोकापासून बेंडच्या पाठीपर्यंत किती भरलं ते मोजा. त्यातून ३०० वजा केले की जे उरतं, ते त्या मशीनचं त्या पाईपसाठीचं माप. पुढच्या वेळी पाय, म्हणजे टोकापासून बेंडच्या पाठीपर्यंतची लांबी, ५०० हवा असेल, तर ५०० मधून हा आकडा वजा करून खूण करायची. आकडा मशीनच्या हँडलवर मार्करने लिहून ठेवा. २५च्या पाईपसाठी पुन्हा वेगळा तुकडा, वेगळा आकडा.

त्याच तुकड्याचे दोन्ही पाय बाहेरून मोजून बेरीज करा. ती ६०० पेक्षा जास्त येते, आणि नवी पोरं चक्रावतात. पाईप लांबलेला नसतो. कोपऱ्यातून जाण्याऐवजी तो वळणाने जातो, म्हणून कमी पाईप लागतो. २०च्या पाईपची मध्यरेषेची त्रिज्या ८५ असेल, तर हिशेबाने बेरीज ६५६ येते. म्हणजे भिंतीवरचं माप जसंच्या तसं धरून पाईप कापला, तर प्रत्येक बेंडला ५५ च्या आसपास फुकट.

ऑफसेटचं, म्हणजे दोन उलट बेंड मारून पाईप बाजूला सरकवून पुन्हा सरळ नेण्याचं, गणित मात्र अमेरिकेत, आखातात, चाकणला, सगळीकडे सारखंच, कारण ते कोनाचं आहे. आडव्या बीमला चुकवून पाईप १०० मिलिमीटर बाहेर काढायचा असेल, तर तीस अंशाच्या दोन बेंडमधलं अंतर दुप्पट, म्हणजे २००. पंचेचाळीसला १.४ पट. तीसवर पाईप २७ मिलिमीटरने आखूड पडतो, पंचेचाळीसवर ४१ ने. मी तीसच वापरतो. वायर सहज जाते आणि दुप्पट करायला कॅल्क्युलेटर लागत नाही.

ऑफसेट बिघडतो तो बहुधा पिळामुळे. दुसरा बेंड मारताना पाईप जरासा फिरला, की दोन्ही टोकं एका रेषेत येत नाहीत आणि भिंतीवर सॅडल (पाईप धरून ठेवणारी पट्टी) मारताना पाईप उचलून बसतो. पाईपवर लांबीने खडूची सरळ रेघ मारा आणि दोन्ही बेंडला ती एकाच जागी ठेवा. वेल्डिंगची शिवण बाजूला राहील असं बघा. बेंडच्या पाठीवर ती आली तर तिथेच ताण जास्त. आणि हवा त्यापेक्षा दोनचार अंश जास्त वाकवा, कारण सोडल्यावर स्टील थोडं परत येतं.

हिकी हे औजार जुन्या मिस्त्रींच्या हातात अजून दिसतं. त्याने थोडं थोडं सरकवत वाकवायचं असतं, गोलाई हाताच्या अंदाजावर. ते बघायला सुंदर वाटतं, पण सुरुवात त्याने करू नका. एका जागी दाब जास्त झाला की पाईप मोडतो. गॅसने तापवून वाकवणारेही भेटतील. जीआय पाईप तापवला की जस्ताचा धूर निघतो, आणि तो नाकात गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. जस्ताचा थर जळालेल्या जागी पुढे गंज धरतो, ते वेगळंच.

कापलेल्या तोंडाची धार आतून रीमरने किंवा गोल कानशीने काढल्याशिवाय कपलिंग चढवू नका. त्या धारेवर वायरचं इन्सुलेशन सोलतं आणि दोष महिन्यांनी कळतो.

सरकारी कामांत सीपीडब्ल्यूडीचे, म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे, नियम लावतात. बेंडची त्रिज्या ७.५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको, आणि एका बॉक्सपासून दुसऱ्या बॉक्सपर्यंत चार नव्वदपेक्षा जास्त वळण नको. खाजगी साइटवरही मी तेच धरतो. यात ऑफसेटही मोजायचे, तीसचे दोन बेंड म्हणजे साठ गेले. वायर ओढताना दोघं लटकून ओढतात तरी हलत नाही, अशा लाइनीत मोजायला गेलात तर पाच-सहा नव्वद निघतात. त्यामुळे पाईप कापण्याआधी भिंतीवर खडूने मार्ग आखून कोन मोजा, आणि ३६० च्या पुढे जात असेल तर मध्ये जंक्शन बॉक्स टाका. त्याचं झाकण शिडीवरून उघडता येईल अशी जागा निवडा, डक्टच्या मागे नको.